सातव्या रकान्यातला तारा

राजय्या मास्तर कुणाला नमस्कार-चमत्कार करत नसत. सकाळी सायकल हातात धरून गिरणीच्या फाटकातून आत येताना जो कोणी पहिला भेटेल त्याला ते विचारायचे, "काल काय बदललं?" वॉचमनला हाच प्रश्न, कँटीनच्या चहावाल्याला हाच, आणि पुण्याहून आलेल्या आमच्या साहेबांनाही हाच. साहेबांना पहिल्या दिवशी वाटलं, हा माणूस आपली ख्यालीखुशाली विचारतोय. पण मास्तरांना खरंच उत्तर हवं असायचं. चहावाल्यानं दुसरीकडून दूध घ्यायला सुरुवात केली असेल तर ते त्यांना पहिला घोट घेण्याआधी कळायला हवं. "काही नाही बदललं, सगळं पूर्वीसारखंच आहे," असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मग दुसरा प्रश्न यायचा, "कुणी बगितलं?"

आणीबाणी उठली त्या सुमारास मी सोलापुरातल्या एका कापड गिरणीत पंच ऑपरेटर होते. गिरणीनं कॉम्प्युटर घेतला होता. म्हणजे एक भली मोठी खोली, तिच्यात कपाटांएवढी यंत्रं आणि बाहेर मे महिना भाजून काढत असताना आत दात वाजवणारा एअर कंडिशनर. प्रोग्रॅम तेव्हा जाड कागदाच्या कार्डांवर असत. एका कार्डावर एक ओळ, ओळीत ऐंशी रकाने, आणि प्रत्येक अक्षराची ठरलेली भोकं. आम्ही तिघी मुली दिवसभर ती भोकं पाडत बसायचो. मास्तर कार्डांना पत्ते म्हणायचे, त्यामुळे साऱ्या गिरणीत आमच्या खोलीला 'पत्त्यांचा क्लब' असं नाव पडलं होतं. माझ्या वडिलांच्या कानावर ते गेलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

मास्तर काही कॉम्प्युटर शिकून आलेले नव्हते. साखर पेठेतल्या तेलुगू विणकराच्या घरात ते वाढले, आणि गिरणीत जकार्डच्या, म्हणजे नक्षीच्या मागांच्या, खात्यात डिझाईन मास्तर झाले. चादरीवर मोर नाहीतर कमळ उमटतं ते जकार्डच्या कार्डांमुळे. भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली. गिरणीत कॉम्प्युटर आला तेव्हा कुणाला तरी वाटलं, भोकांचं हे काम या माणसाला आधीपासून येतंय, तर त्यालाच बसवा. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेले मास्तर डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचायला लागले आणि दोन वर्षांत प्रोग्रॅम लिहायला लागले. इंग्रजी बोलायला ते घाबरायचे. वाचायला घाबरत नसत, फक्त एका पानाला अर्धा तास लागायचा, कारण ओळीखाली पट्टी धरून ते एकेक शब्द ओलांडत.

अंगानं किरकोळ, चष्मा जाड, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम कशावरून तरी फिरत असायचा. कार्ड डोळ्यांनी वाचण्याआधी ते अंगठ्यानं वाचत. एअर कंडिशनरमध्ये त्यांना फार थंडी वाजायची, म्हणून बारा महिने खांद्यावर एक जुनी विटकरी चादर घेऊन ते खोलीत बसत. बाहेरून कुणी पाहुणे कॉम्प्युटर बघायला आले की साहेब आधी खुणेनं सांगायचे, ती चादर काढा. मास्तर घडी घालून ती खुर्चीखाली ठेवत आणि पाहुणे वळले की परत पांघरत.

त्या चादरीवरच्या मोराला तीन पाय होते. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हसले. मास्तर हसले नाहीत. जकार्डवर असताना एकदा त्यांनी मोराच्या डिझाईनमधलं एक कार्ड बदललं होतं आणि मागावरच्या माणसाला ते सांगायचं राहून गेलं. त्या माणसानं पुढचं कार्ड आपल्या समजुतीनं लावलं. सहा डझन चादरी विणून झाल्या, गठ्ठे बांधले, माल गेला, ही एक तेवढी मास्तरांकडं राहिली. "एकबी चादर माघारी आली न्हाय," मास्तर म्हणाले, "कुणी बोललंच न्हाय." मी म्हटलं, मग चांगलंच झालं की. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला कळेना आपलं काय चुकलं. "माग थांबला असता, धागा तुटला असता, तर कळलं असतं की. गप विणत गेला. मला त्याचंच भ्या वाटतंय."

तेव्हापासून बदललेल्या प्रत्येक कार्डाला ते लाल दोरा बांधायचे. कॉम्प्युटरच्या कार्डाला दोरा बांधता येत नाही, यंत्र चावून टाकेल. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. आमच्या मशीनच्या भाषेत, म्हणजे कोबोलमध्ये, ओळीचा सातवा रकाना जवळजवळ रिकामाच असायचा. तिथं आडवी रेघ असली तर मागची ओळ पुढं चालू, एवढंच. बाकी काही असलं तरी आमचं जुनं मशीन तिकडं बघायचं नाही. मास्तरांचा नियम असा की कुठलंही कार्ड बदललं की त्याच्या सातव्या रकान्यात एक तारा, म्हणजे चांदणीची खूण, पंच करायचा. मग छापील यादीत बदललेली ओळ लगेच नजरेत भरायची. ताऱ्याशिवाय बदललेलं कार्ड सापडलं तर ते रागवत नसत. ते जेवत नसत. आम्हाला त्याचा जास्त त्रास व्हायचा.

त्या वर्षी पावसाळ्यात मुंबईहून एक टेपचं रीळ आणि त्याच्यासोबत उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक आलं. कोबोलची नवी आवृत्ती. मशीनही बदलणार होतं, आणि नवं मशीन नवीच भाषा बोलणार होतं. कंपनीचा तरुण इंजिनिअर आला, इस्त्रीचे कपडे, हातात चामडी बॅग. त्यानं फळ्यावर पाच-सहा बदल लिहिले आणि खडू झटकत सांगितलं, बाकी सगळं पूर्वीप्रमाणे. खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. मास्तरांनी चादर सावरली आणि विचारलं, बाकी म्हणजे किती? इंजिनिअर हसला. म्हणाला, कुठं चूक राहिली तर मशीन सांगेलच.

"सांगंल त्याचं भ्या न्हाय साहेब," मास्तर म्हणाले. "न सांगता करंल त्याचं हाय."

इंजिनिअर गेल्यावर साहेबांनी ते पुस्तक मास्तरांच्याच पुढ्यात टाकलं. काय काय बदललंय ते मराठीत लिहून काढा, आम्हा मुलींना आणि मास्तरांबरोबरच्या दोघा प्रोग्रॅमरांना कळेल असं. ही शिक्षा होती की विश्वास, मला आजही सांगता येणार नाही.

दीड महिना मास्तर त्या पुस्तकात होते. एक लांबलचक वही घेतली, तिच्यावर 'बदलवही' असं लिहिलं, आणि पानाचे तीन भाग पाडले. जुनं, नवं, आणि काय करायचं. बदलांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या. काही बदल ओरडणारे. 'एक्झामिन' हा शब्द गेला, त्याच्या जागी 'इन्स्पेक्ट' आला. जुना शब्द चुकून राहिला तर मशीन चूक छापणार आणि थांबणार. हे त्यांनी निळ्या शाईनं लिहिले. दुसरे गप्प बदल. ओळ तीच, शब्द तेच, मशीन काही बोलणार नाही, पण करणार भलतंच. हे लाल शाईनं. लाल ओळ सापडली की त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत जायचा. आम्ही आपसात म्हणायचो, आज मास्तरांच्या घरच्या गाईची चैन आहे. म्हणायचो खऱ्या, पण मीही तेव्हापासून पंच केलेलं कार्ड दोनदा बघायला लागले होते. भीती शेजारी बसून लागते, हे मला तिथं कळलं.

वहीची साफ नक्कल करून स्टेन्सिल कापायचं, म्हणजे प्रती काढायच्या मेणकागदावर टाइप करायचं, काम आम्हा तिघींकडे होतं. ऑफिसात मराठी टाइपरायटर होता, जिला वेळ मिळेल तिनं दोन-चार पानं उतरवायची. आता माझी गोष्ट सांगायला हवी, टाळून चालणार नाही. मॅट्रिकला मला मराठीत शाळेत सगळ्यांत जास्त गुण होते आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. मास्तरांचं मराठी सोलापुरी, त्यात घरी तेलुगू. 'माझी चष्मा' म्हणायचे. मी नक्कल करता करता त्यांची भाषा सुधारत होते. कुणी सांगितलं नव्हतं. 'आलं'चं 'समाविष्ट करण्यात आले', 'गेलं'चं 'वगळण्यात आले'. वाचताना मला माझाच अभिमान वाटत होता.

एका पानावर लाल शाईत अशी नोंद होती: 'सातवा रकाना. जुनं: तारा असला तरी मशीन बघत नाही. नवं: तारा काढला. तसली ओळ सोडून देणार. काय करायचं: ताऱ्याचे पत्ते तपासणे.'

तारा काढला. मी विचार केला, काढला म्हणजे काढून टाकला. गिरणीत 'काढला' या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. अमक्याला काढला म्हटलं की त्याच्या घरी रडारड. ओळ सोडून देणार म्हणजे मशीन तिकडं दुर्लक्ष करणार, ते तर आत्ताही करतंय. ते वाक्य मला फालतू वाटलं, मी गाळलं. आणि टाइप केलं: 'सातव्या रकान्यातील तारा निष्कासित करण्यात आला आहे. कार्डे तपासावीत.' निष्कासित हा शब्द मी कुठल्याशा सरकारी नोटिशीत वाचला होता आणि तो वापरायची संधी शोधत होते.

स्टेन्सिलला लाल शाई नसते. सगळी ओळ काळीच उमटली. मास्तरांनी पानं पट्टी धरून वाचली. त्या ओळीपाशी ते थांबले, अंगठा शब्दावरून दोनदा फिरवला. मी समोरच होते. मग त्यांनी पुढचं पान घेतलं आणि शेवटी सही केली.

त्याच आठवड्यात ते तापानं पडले. कार्डं तपासायचं काम आम्ही केलं. तारे ठिकठिकाणी होते, पण तारा तर निष्कासित, म्हणजे त्याला काही अर्थ नाही, राहिला तरी बिघडत नाही, असं मी बाकीच्या दोघींना समजावलं. दहा दिवसांनी मास्तर कामावर आले, गाल आत गेलेले, चादरीत आणखी लहान दिसत होते. खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांनी मला विचारलं, ताऱ्याचं झालं का. मी म्हटलं, झालं.

नवं मशीन सुरू झालं. सगळे प्रोग्रॅम एकामागून एक चढले. एक्झामिन राहिलेल्या दोन ठिकाणी मशीननं चूक दाखवली, ती दुरुस्त केली. त्यानंतर एकही चूक नाही. साहेबांनी पेढे मागवले. मास्तरांनी पेढा हातात धरून ठेवला होता. "एकबी न्हाय?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "एवढं बदललं आन् एकबी न्हाय?" सगळे हसले. मीही हसले.

बिरूबद्दल सांगायचं राहिलं. बिरू हा बदली कामगार होता. म्हणजे रोज पहाटे फाटकापाशी उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर परत. वर्षात ठरलेले दिवस भरले की बदलीवाला कायम होई. सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस पाच वर्षं असा उभा होता. कायम झालं की बायको-पोरीला गावाहून आणणार, हे तो फाटकावर सगळ्यांना सांगून बसला होता. मास्तर रोज त्याला विचारायचे, काल काय बदललं? आणि रोज तो सांगायचा, काल घेतलं मास्तर, किंवा, काल माघारी धाडलं. कधी म्हणायचा, आलतो, पण लाईटच न्हवती, मिल बंद. वीजकपातीचे असले दिवस आलेल्या माणसाच्या हजेरीत धरायचे, असा करार गिरणी आणि युनियनमध्ये झाला होता. करार झाला त्या दिवशी हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ मास्तरांनी स्वतः घातली होती. घातली, आणि नियमाप्रमाणे सातव्या रकान्यात तारा मारला.

संक्रांतीच्या आठवड्यात, सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी, कायम होणाऱ्यांची यादी लावायचं साहेबांनी युनियनला कबूल केलं होतं. यादी छापून निघाली आणि दुपारच्या पाळीला फाटकाजवळच्या फळ्यावर लागली. ही गर्दी. ज्याचा नंबर होता तो उड्या मारत होता. आम्ही डबा खाऊन परत येत होतो, मास्तर माझ्या दोन पावलं पुढं. बिरू फळ्यापासून लांब, लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसला होता. मास्तरांनी सवयीनं विचारलं, आज काय बदललं?

"काय न्हाय मास्तर," बिरू म्हणाला. "हाय तसंच हाय. सा दिवस कमी भरलं म्हणत्यात. पुढच्या साली बगू."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मास्तर जागीच उभे राहिले. वर्षभर रोज सकाळी ऐकलेली उत्तरं ते मनात लावत होते, आणि मला ती मोजणी त्यांच्या अंगठ्यात दिसत होती, बोटांच्या पेरांवरून फिरताना. "तुजं दिवस भरल्यात," ते म्हणाले. "माणूस आलेला दिवस माघारी जातो व्हय?"

खोलीत येऊन त्यांनी हजेरीच्या प्रोग्रॅमचा गठ्ठा काढला, अंगठ्यानं पत्त्यांसारखा चाळला आणि वीजकपातीचं कार्ड नेमकं बाहेर ओढलं. सातव्या रकान्यावर अंगठा ठेवला. मग स्टेन्सिलची प्रत मागितली. तो शब्द त्यांनी परत वाचला. कुणाकडेच न बघता ते म्हणाले, "आमच्यात नवं डिझाईन आलं की काढलं म्हणत्यात. मोर काढला, कमळ काढलं. नव्या भाषेनं तारा काढलाय. तारा दिसला की ती ओळ मशीन वाचतच न्हाय."

जी जी ओळ बदलली होती, जिच्यावर आम्ही मुद्दाम खूण केली होती, नेमकी तीच प्रत्येक ओळ मशीन गुपचूप गाळत होतं. आणि मी 'झालं' म्हटलं होतं.

मास्तर बाहेर पडले. खांद्यावरची चादर तशीच होती. आम्ही मागं धावलो. गर्दीतून वाट काढत ते फळ्यापाशी गेले आणि टाचण्या उपटून यादी खाली घेतली. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग चारी बाजूंनी माणसं त्यांच्या अंगावर आली. यादीत नाव असलेले सगळ्यांत पुढं होते, त्यांना वाटलं आपलं हातचं जातंय. कुणी त्यांची चादर धरली, कुणी विचारलं, किती खाल्ले. हा माणूस चहाचं दूध बदललं तर घाबरायचा. तिथं तो यादी छातीशी धरून उभा होता.

"चुकीची हाय," ते म्हणाले. "हाय ती नावं ऱ्हातील. राहिलेली येतील. दिवस मावळायच्या आत लावतो."

साहेब धावत आले. परवानगीशिवाय यादी उतरवलीच कशी, म्हणून खोलीत आल्यावर त्यांनी मास्तरांना आम्हा सगळ्यांसमोर झापलं. मग विचारलं, चूक कुणाची?

"माझी," मास्तर म्हणाले.

मी माझ्या यंत्रापाशी उभी होते, तीन पावलांवर. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. मला भीती वाटली, नोकरीची, साहेबांची, वडिलांची, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त त्या मॅट्रिकच्या गुणांची. मी बोलले नाही. भोक एकदा पाडलं की बुजवता येत नाही, म्हणून आधी त्या प्रोग्रॅममधली ताऱ्याची अकराही कार्डं नव्यानं पंच करायची होती. ती मी केली. अकरासाठी मी वीस कार्डं वाया घालवली. ऊन उतरायच्या सुमाराला नवी यादी लागली. तिच्यात एकोणीस नावं जास्त होती. बिरूला अंक ओळखता यायचे. आपल्या बिल्ल्याचा नंबर त्यानं बोट लावून तीनदा पाहिला आणि मग तिथंच खाली बसला.

मास्तरांना मेमो मिळाला. त्यांना मिळायची म्हणून जवळजवळ ठरलेली मोठी जागा बाहेरच्या माणसाला गेली. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. स्टेन्सिल टाइपरायटरवरचं, कापणाऱ्या तिघी, कुणाचं पान कुठलं हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यांना कळणं शक्य नाही, अशी मी माझी समजूत घातली. रोज सकाळी ते मला विचारायचे, काल काय बदललं? मी काहीतरी सांगायची. एवढंच की बाकीच्यांचं उत्तर ऐकून ते पुढं जात, आणि माझ्यापाशी थोडं जास्त थांबत. ते दोन-चार सेकंद मला नको नको व्हायचे. मी मान खाली घालून कार्डं जुळवायला लागायची.

अशी दोन वर्षं गेली आणि मास्तरांचा गिरणीतला शेवटचा दिवस आला. निरोपाला गिरणीनं त्यांना चादरच दिली. त्यांनी ती सगळ्यांसमोर पूर्ण उलगडली, मोरावरून अंगठा फिरवला, पाय मोजले, आणि मग आभार मानले. साहेबसुद्धा हसले त्या दिवशी.

समारंभ आटोपल्यावर ते माझ्या यंत्रापाशी आले आणि बदलवही माझ्यापुढं ठेवली. आता ती मी चालवायची होती. "बाई, काल काय बदललं?" त्यांनी विचारलं आणि नेहमीसारखे थांबले.

"मास्तर," मी म्हटलं, "निष्कासित मी लिहिलं होतं."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तसला शब्द हितं दुसरं कोण लिवणार?"

मला रडू आवरेना. मी विचारलं, मग तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत.

"तुमी कवा बोलताय ते बगत हुतो," ते म्हणाले. "मशीन वरडलं तर बरं म्हणतो न्हवं मी? माणसाचं बी तसंच. तुमी रोज गप ऱ्हायचा. मला रोज भ्या वाटायचं."

त्यांनी वही उघडली. ती लाल नोंद होती, आणि तिच्याखाली त्यांच्या अक्षरात: 'चूक कुणाची. एक: राजय्या. शब्द कळला नाही, विचारायला लाजलो. दोन:' आणि पुढं रिकामं. दोन वर्षं ती जागा तशीच ठेवलेली होती. मी पेन घेतलं. 'दोन: कुसुम. शब्द कळला नाही, कळला असं वाटलं.' एवढंच लिहिलं, आणि ते साध्या मराठीत लिहिलं. मास्तरांनी पट्टीशिवाय वाचलं. शाई वाळली का बघायला त्यांनी माझ्या नावावर अंगठा टेकवला. वाळली नव्हती.

मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही चादरी बांधलेल्या, तीन पायांचा मोर वर. बिरूची पाळी सुटत होती, गळ्यात कायम कामगाराचा बिल्ला. त्या दिवशी त्यानंच आधी विचारलं, "मास्तर, आज काय बदललं?"

"एक जागा रिकामी हुती," मास्तर म्हणाले. "ती भरली."

"आरं वा," बिरू म्हणाला. "कोण कायम झालं?"

मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना मनमोकळं हसताना पहिल्यांदाच पाहत होते. मग ते सायकलवर बसले आणि रस्त्याला लागले. उजव्या हाताची चारच बोटं त्यांनी दांडीवर धरली होती, आणि शाईचा अंगठा जपून वर ठेवला होता.